पाच तासांच्या करंटमध्ये सात तासांचं पाणी

तांब्याची तार (निपाणी) : धागा सुरू

मंडळी, नमस्कार.

मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरायचं, दुकान चालवून मला २६ वर्षं झाली. चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी आणि हद्दीपलीकडं कागल-गडहिंग्लजपर्यंतच्या मोटरी माझ्याकडं येतात. २०२३ च्या ऑक्टोबरात दुकानासमोर मोटरी ठेवायला जागा उरली नव्हती. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला. धरणं भरली नाहीत म्हणून पाण्यावरची वीज कमी झाली, आणि पाऊस नाही म्हणून विहिरी-बोअरवरच्या सगळ्या मोटरी एकदम चालू झाल्या. एकाच दुष्काळानं वीज कमी केली आणि मागणी वाढवली. कर्नाटक सरकारनं वीज कायद्याचं ११ वं कलम लावून खाजगी प्रकल्पांची वीजही राज्याच्या ग्रिडला घ्यायला लावली. शेतीच्या मोटरी ज्यावर चालतात तो थ्री फेज करंट रोज सात तासांवरून पाचवर आला. शेतकरी पेटले, मग पुन्हा सात झालं.

उन्हाळा परत तोंडावर आहे. मला त्या पाच तासांबद्दलच बोलायचं आहे.

दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणतो, "दहा एचपीपर्यंत करंट फुकट आहे, मग मोटर किती खाते याच्याशी मला काय करायचं?" बिलाचा विचार केला तर त्याचं खरं आहे. पण माझं म्हणणं असं की करंट फुकट असला तरी तास फुकट नाहीत. तास मोजून मिळतात. त्या तासांत तुमचा पंप किती पाणी वर काढतो, हाच तुमचा हिशोब.

जरा आकडे बघा. एक युनिट वीज पूर्णच्या पूर्ण कामाला लागली तर एक हजार लिटर पाणी ३६७ मीटर वर चढतं. हे भौतिकशास्त्र आहे, कंपनीची जाहिरात नाही. आता तुमचं हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, ४० मीटर धरू आणि मोटर ताशी साडेचार युनिट ओढते असं धरू (पाच एचपीची साधारण तेवढी ओढतेच). मोटर, पंप आणि पाइप मिळून ३० टक्केच कार्यक्षम असतील तर तासाला सुमारे १२,४०० लिटर पाणी येईल. पाच तासांत ६२ हजार आणि सात तासांत ८७ हजार लिटर. तोच संच ४५ टक्क्यांवर आणला तर पाच तासांतच ९३ हजार लिटर येतं.

परत वाचा. खराब संच सात तास चालवून जेवढं पाणी काढतो, त्यापेक्षा जास्त पाणी चांगला संच पाच तासांत काढतो. दोन तास जास्त मिळावेत म्हणून आपण रस्त्यावर बसतो आणि ते बसायलाच पाहिजे. पण त्याहून जास्त पाणी आपल्याच विहिरीच्या काठावर वाया चाललंय.

तुमच्याकडचे अनुभव लिहा. घर, कारखाना, माग, काहीही चालेल.

---

कृष्णाकाठ (अथणी)

दादा, हिशोब पटला बगा. पण ३० चं ४५ करायला नवी मोटरच घ्यावी लागणार न्हवं? उसाचं बिल कारखान्याकडनं यायचंय, त्यात नवी मोटर कुठनं आणू? माझी मोटर आतापर्यंत चारदा भरून घेतलीया. चालतीया म्हणून चालू हाय.

---

तांब्याची तार (निपाणी)

अण्णा, चारदा भरलेली मोटर म्हणजे चारदा जाळलेला स्टेटर (मोटरीचा न फिरणारा लोखंडी भाग, ज्यात तार भरतात). हे माझ्या धंद्याच्या विरोधात जातं, पण सांगतो. जुनी वाइंडिंग काढायला बरेच जण स्टेटर थेट आगीवर भाजतात. त्यानं स्टॅम्पिंगमधला, म्हणजे लोखंडाच्या पातळ पत्र्यांमधला, इन्सुलेशनचा थर जातो, आणि तेव्हापासून लोखंडच गरम व्हायला लागतं. त्यात स्वस्तात करून द्या म्हटलं की बारीक गेजची तार भरली जाते. प्रत्येक भरणीला मोटर थोडी थोडी खालावते. मोटर फिरते, फक्त खाते जास्त. म्हणून तिसऱ्यांदा जळून आलेली मोटर मी भरू नका म्हणून सांगतो. काही जण ऐकतात, काही दुसऱ्या दुकानात जातात.

पण मोटरीला हात लावायच्या आधी पाइप बघा. तिथं पैसा कमी लागतो.

तुमची डिलिव्हरी दोन इंची असेल तर ती अडीच इंची करा. तेवढंच पाणी जाताना घर्षण सुमारे एक तृतीयांशावर येतं, कारण घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणं बदलतं. फूटवॉल, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, काढून बघा. त्याची जाळी शेवाळानं बुजलेली असते, किंवा मुळातच अरुंद असते. नव्वद अंशाचे एल्बो काढून लांब बेंड टाका. आणि पाइपचं तोंड पाटाच्या वर चार फूट उंच ठेवून पाणी खाली पाडत असाल तर ते आजच खाली घ्या. ते चार फूट तुम्ही रोज करंटनं चढवताय आणि सोडून देताय.

---

रानवाट (जांबोटी, खानापूर)

आमच्याकडं तासांपेक्षा वेळेचा त्रास जास्त. थ्री फेज रात्री दीडला येतो. शिवारात गवे असतात, पावसाळ्यात पायाखाली काय असेल सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांनी ऑटो स्टार्टर बसवलेत. करंट आला की मोटर आपोआप चालू, माणूस घरात. पाणी कुठं चाललंय, बांध फुटलाय का, हे सकाळीच कळतं. निम्मं पाणी ओढ्याला.

आणि एकाच टीसीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एका क्षणात चालू होतात. टीसी जळाला की मग आठवडा गेला. आमच्या टीसीचं दोन वर्षांत तीनदा झालं. शेवटी आम्ही अकरा जणांनी बसून ठरवलं. ऑटो काढायचे आणि करंट आल्यावर पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं चालू करायचे. नंबर लावलेत. प्रत्येकानं कपॅसिटरही बसवला. त्यानंतर टीसी टिकलाय आणि व्होल्टेजही बरं मिळतं. दिवसा करंट द्या ही मागणी मात्र आम्ही सोडलेली नाही, सोडणारही नाही.

---

तांब्याची तार (निपाणी)

रानवाट, तुमच्या अकरा जणांना माझा नमस्कार सांगा. कपॅसिटरनं तुमच्या मोटरीचे युनिट फारसे कमी होत नाहीत, पण तारेतला आणि टीसीतला अँपिअर कमी होतो. म्हणून शेवटच्या खांबावरच्या माणसाला व्होल्टेज मिळतं. माझ्याकडं जळून येणाऱ्या बहुतेक मोटरी त्या शेवटच्या खांबावरच्या असतात.

---

वडगावची लेक (बेळगाव)

मी शेतीतली नाही, घरातलं लिहिते. आमच्यात गृहज्योती आहे, राज्य सरकारची घरगुती मोफत विजेची योजना. गेल्या सरासरीत १० टक्के मिळवून जो आकडा येतो तेवढे युनिट मोफत. आमची सरासरी १४२, म्हणजे १५६ पर्यंत बिल नाही. त्याच्या वर गेलं तर वरच्या युनिटचे पैसे. पण २०० च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळ्याच युनिटचं बिल येतं. एप्रिलात आमचं २०९ झालं आणि सासूबाईंनी बिल हातात धरून मला विचारलं, "हे काय गं?"

मग मी एक वही केली. रोज सकाळी सातला मीटर बघायचा, आदल्या दिवशी काय काय चाललं ते लिहायचं. पंधरा दिवसांत घर कळलं.

पंखे चार. जुना पंखा ७५ वॅट खातो. बीएलडीसीचा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा) साधारण ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला चौदा तास धरले तर एका पंख्यामागं महिन्याला १९ युनिट वाचतात. दोन पंखे बदलले, ३८ युनिट गेले. सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू असायचा, तो आता बटणावर बंद होतो. फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालं होतं. कागदाचा तुकडा दारात धरला तर अलगद निघून यायचा. रबर बदललं. फ्रीज भिंतीला चिकटून होता, तो वीतभर पुढं घेतला. गीझर थंडीतच लागतो, तेव्हा मामंजींनी माळ्यावरचा तांब्याचा बंब काढलाय, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या जाळतात.

मे महिन्यात १५१ आले. तार दादा म्हणतात तसं शेतकऱ्याचे तास मोजलेले, तसे आमचे युनिट मोजलेले. फुकट असलं तरी मोजलेलंच आहे.

शेजारी मागवाले आहेत. त्यांच्याकडं करंट गेला की साडी अर्ध्यावर थांबते, आणि थांबलेल्या जागी कापडावर पट्टा दिसतो. आमचा पंखा त्यांच्या मागाला करंट देतो असं नाही, पण संध्याकाळी सगळ्यांची मागणी एकाच लाइनवर येते एवढं मला कळतं.

---

दोन बाजू (चिकोडी)

मला हे सगळं वाचून राग येतो, स्पष्ट लिहितो. टंचाई आली की उपदेश नेहमी ग्राहकाला. रस्त्यावरचे दिवे दुपारी बारा वाजता चालू दिसतात, त्याला कोण जबाबदार? जळालेला टीसी बदलायला आठवडा लागतो, त्याला कोण जबाबदार? २०१३ च्या डिसेंबरात रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाइन जोडली आणि दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडशी एक झालं. तोपर्यंत उत्तरेत वीज असूनही ती आपल्यापर्यंत पुरेशी येत नव्हती. लाइन बांधली म्हणून फरक पडला, कुणी पंखा बंद केला म्हणून नाही. वीज कमी असेल तर प्रकल्प बांधा, लाइन बांधा. आमच्या जिल्ह्यातले साखर कारखाने बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वीज करतात, ती नीट भावानं घ्या.

---

पुण्यातला बेळगावकर

दोन बाजू, तुमचा राग बरोबर आहे आणि लाइनचा मुद्दाही. मी वीज क्षेत्रातच काम करतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली, प्रकल्प बांधायला वर्षं लागतात, टंचाई मात्र महिन्यात येते. ब्राझीलचं २००१ सालचं उदाहरण आपल्याला फार जवळचं आहे. त्यांची बहुतेक वीज पाण्यावरची. पाऊस कमी पडला, धरणं रिकामी झाली. सरकारनं सांगितलं, मागच्या वर्षीच्या वापरापेक्षा २० टक्के कमी करा. कोट्यापेक्षा जास्त वापरलं तर जादा दर, कमी वापरलं तर बक्षीस. महिन्याला १०० युनिटच्या आत असलेल्या गरीब घरांना कपातीची सक्ती नव्हती. जून २००१ ते फेब्रुवारी २००२ हे चाललं आणि मोठं भारनियमन न करता देश निभावला. लोकांनी बदललेले दिवे आणि सवयी राहिल्या, त्यामुळं नंतरही वापर लगेच जुन्या पातळीवर गेला नाही.

अलास्कातल्या जूनो शहराची लाइन २००८ च्या एप्रिलमध्ये हिमकडा कोसळून तुटली. जलविद्युत बंद, डिझेलवर शहर, दर पाचपटीच्या आसपास. काही आठवड्यांत तिथला वापर ३० टक्क्यांहून जास्त उतरला. प्रकल्प एकही बांधला नव्हता.

दुसरी गोष्ट वेळेची. कर्नाटकात दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, एकट्या पावगडचा सोलर पार्क २,०५० मेगावॅटचा आहे. सूर्य मावळला की ती जाते आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर चालू होतात. टंचाईच्या संध्याकाळी बाजारातला दर युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. म्हणून संध्याकाळी सहा ते दहामध्ये वाचवलेलं युनिट दुपारच्या युनिटपेक्षा कितीतरी मोलाचं. टाकीत पाणी चढवणं, इस्त्री, पिठाची गिरणी, हे दुपारी सरकवलं तरी राज्याला मोठा हातभार लागतो.

---

दोन बाजू (चिकोडी)

ब्राझीलनं बक्षीस दिलं हे लक्षात घ्या. आपल्याकडं वाचवणाऱ्याला काय मिळतं? वडगावच्या ताईंनी १५६ च्या ऐवजी १०० वापरले तरी त्यांना एक पैसा मिळत नाही. वाचलेल्या युनिटमागं रुपया-दोन रुपये हातात पडू देत, मग बघा गावं कशी स्पर्धा करतात ते. हे झालं तर मी स्वतः गल्लीत फिरून सांगेन.

---

वडगावची लेक (बेळगाव)

हे मात्र शंभर टक्के खरं. मी पहिली सही करते.

---

चंदगडी

मी सीमेच्या या बाजूचा, पण बाजार-दवाखाना सगळं बेळगावातच. आमच्याकडं महाराष्ट्रात २००५ च्या सुमारास भारनियमन भयंकर होतं. तेव्हा महावितरणची अक्षय प्रकाश योजना आली होती. गावानं ठरवायचं की संध्याकाळच्या कळीच्या वेळेत कुणीही मोटर, गिरणी, हीटर चालवणार नाही, तारांवर टाकलेले चोरीचे आकडे काढून टाकायचे. बदल्यात गावाला रात्री दिव्यांपुरता करंट अखंड मिळायचा. सही करून चालायचं नाही, फीडरवरचा, म्हणजे गावाला येणाऱ्या लाइनवरचा, भार खरंच उतरलेला दिसला पाहिजे. म्हणून एकानं चोरून मोटर चालवली की दहा जण विचारायला जायचे. पोरांचा दहावीचा अभ्यास दिव्यात व्हायचा, हे बायकांनी धरून ठेवलं, आणि बायकांनी धरलं की गाव धरतं.

तुमच्याकडं निरंतर ज्योती योजनेत गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा झाला, त्यामुळं घरात दिवा राहिला. पण गावानं एकत्र ठरवायची सवय गेली असं मला वाटतं. रानवाट यांच्या अकरा जणांचं वाचून जुनी आठवण आली.

---

भट्टीवाला (उद्यमबाग)

फाउंड्रीतलं लिहितो, कारण बेळगावात घराइतकाच करंट आमच्या शेडमध्ये जातो असं वाटावं अशी आमची भूक.

इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. खालचा आकडा आणि वरचा आकडा यात १०० युनिटचा फरक, आणि तो बहुतेक शिस्तीचा फरक आहे. भंगाराला वाळू चिकटलेली तशीच टाकली की ती वाळूही आपण वितळवतो आणि स्लॅग म्हणून फेकतो. झाकण उघडं राहिलं की उष्णता सरळ छताला. सगळ्यात वाईट म्हणजे मेटल तयार आणि साचे तयार नाहीत. वीस मिनिटं भट्टी नुसती धरून ठेवायची. आमच्याकडं मोल्डिंगचा मुकादम आणि भट्टीचा मुकादम एकमेकांशी बोलत नव्हते, तो सगळा अबोला मीटरवर पडत होता. आता पाटीवर खडूनं वेळ लिहितो, किती वाजता किती साचे. त्या खडूनं जे वाचलं ते कुठल्या यंत्रानं वाचलं नाही.

कॉम्प्रेसरचं वेगळंच. एका रविवारी शेड बंद, मी एकटा, आणि तरी कॉम्प्रेसर थांबून थांबून सुरू होतोय. हवा वापरणारं कुणी नाही, मग हवा जाते कुठं? साबणाचं पाणी घेऊन सगळी लाइन फिरलो. सतरा ठिकाणी गळती. सात बारच्या लाइनवर तीन मिलिमीटरचं एक भोक म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅटची मोटर अखंड चालवल्यासारखं. टेफ्लॉन टेप आणि क्लॅम्प, खर्च किरकोळ. तुमच्या शेडमध्ये रविवारी जाऊन कान लावा एवढंच सांगेन.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आणि युनिडो (संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था) यांच्या प्रकल्पात कोईमतूर, इंदूरबरोबर बेळगावच्या फाउंड्रीही होत्या. म्हणजे ही माहिती आपल्या गावात आलेली आहे. मोठ्यांनी घेतली, लहान शेडपर्यंत ती पोचायला पाहिजे.

---

कृष्णाकाठ (अथणी)

माझी एक शंका राहिली. पंप चांगला केला, पाणी जास्त निघालं, तर बोअर लवकर आटणार न्हाई का? आमच्या पूर्वेच्या बाजूला आधीच पाणी खोल गेलंय.

---

तांब्याची तार (निपाणी)

अण्णा, हीच शंका मला रात्री झोपू देत नाही, म्हणून ती तुम्ही विचारलीत याचं बरं वाटलं.

होय, आटेल. चांगल्या पंपानं नुसतं जास्त पाणी उपसलं तर आपण वीज वाचवली नाही, विहीर संपवली. म्हणून विहिरीवर आणि बोअरवर माझा सल्ला वेगळा असतो. तेवढंच पाणी कमी एचपीच्या मोटरीनं काढा. पाचच्या जागी तीन चालते का बघा. आणि पाटपाण्याचा ऊस ठिबकवर आणा. ठिबकची एक गोष्ट कुणी बोलत नाही. ते वीजही वाचवतं, कारण जे पाणी वर चढवलंच नाही त्याला करंट लागत नाही. वाचवायचं असेल तर आधी पाणी वाचवा, करंट त्याच्या मागून वाचतो.

पैशाचं म्हणाल तर एक विचार आहे. २०१५ साली उजाला योजना आली. त्याच्या आधी सरकारी खरेदीत एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता, २०१६ मध्ये तो ३८ वर आला. बल्ब तोच, पण करोडोंची मागणी एकत्र गेली. मोटरी आणि पंख्यांचं असं का होऊ नये? आपल्याकडं प्रत्येक गावात पीकेपीएस (शेतीकर्जाची सहकारी संस्था) आहे, दूध संस्था आहे. चाळीस शेतकऱ्यांनी मिळून पाच स्टारच्या मोटरी मागितल्या तर दुकानदार भाव बसून ठरवेल, आणि संस्था उसाच्या बिलातून हप्ता कापेल.

---

घटप्रभा पाणी (हुक्केरी)

आमच्या तालुक्यात वीज वाटपच सहकारी संस्थेकडं आहे, १९६९ पासून. तार दादा म्हणतात ते आमच्यात करायला सगळ्यात सोपं. ज्याच्याकडं फीडर आहे तीच संस्था सभासदाची आहे. पंप बदलला तर वीज संस्थेची वाचते, पाणी सभासदाचं वाढतं. वार्षिक सभेत हा विषय मांडायला मी दोन-तीन जणांशी बोलतो.

---

कृष्णाकाठ (अथणी)

नवी मोटर न्हाई घेतली. पण दादांनी सांगितलेलं करायच्या आधी मोजलं. दोनशे लिटरचं बॅरल पाइपखाली ठेवलं, पोराच्या मोबाइलवर सेकंद लावले. ६४ सेकंदांत भरलं.

फूटवॉल काढला तर निम्मी जाळी बुजलेली. नवा घातला. विहिरीपासून बांधापर्यंतचा पाइप अडीच इंची केला, तीन एल्बो काढले, तोंड पाटाला टेकवलं. परवा परत बॅरल लावलं, ४९ सेकंद. पोरगं म्हणालं पाच तासांत सतरा हजार लिटरचा फरक. मी त्याला परत करायला लावलं, परत तेवढंच आलं.

ठिबकचं पुढच्या लागणीला बगतो. शेजारचे दोघं बॅरल मागायला आले होते, दिलंय.